पुढच्या बाजूचा दांडा

माझ्या धाकट्या भावाला लोखंडातलं सगळं कळतं, माणसांतलं जरा उशिरा कळतं. हे मी त्याच्या तोंडावरही म्हणते, त्यामुळे इथे सांगायला हरकत नाही. आई लवकर गेली. तेव्हापासून त्याला ओरडायचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी आजवर कधी रजा न घेता केलं आहे.

आम्ही दोघं एकाच मोठ्या रुग्णालयात नोकरीला. मी कपड्यांच्या खोलीत असते. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, डॉक्टरांच्या कोटांची तुटलेली बटणं हे माझं राज्य. तो मागच्या अंगणातल्या वर्कशॉपात वेल्डर आहे. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. खाटेचं चाक निखळलं, स्ट्रेचरचा पाय वाकला, औषधाच्या कपाटाचं दार लागेना, की बोलवा मिस्त्रीला. तो येतो, वस्तूकडे मान तिरकी करून बघतो आणि काही न बोलता ती उचलून घेऊन जातो. लोकांना हे न बोलणं शहाणपणाचं वाटतं. मी त्याच्याबरोबर राहते, त्यामुळे मला माहीत आहे की अर्ध्या वेळा त्याला काय बोलावं तेच सुचत नसतं. त्याचं लग्न टिकलं नाही त्यालाही हेच कारण. माझं झालंच नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती मी सांगणार नाही.

आता पेटाऱ्यांबद्दल सांगायला हवं. रुग्णालयात कचरा किती निघतो याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. खोके, पिशव्या, स्वयंपाकघरातलं उष्टं-खरकटं, सगळं चार चाकांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यांत टाकतात. उभ्या माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच, वर जड झाकण. आम्ही त्यांना पेटारे म्हणतो. रिकामा पेटारासुद्धा कुरकुरत हलतो. भरलेला म्हणजे दोन माणसांनाही भारी. सफाईवाले ते मागच्या दारापर्यंत ढकलत आणतात आणि तिथून एका लांब उतारावरून खाली अंगणात सोडतात. अंगणात कचऱ्याची गाडी येते आणि ते उचलून रिकामे करते. धोका आहे तो उतारावर. म्हणून उताराच्या तोंडाशी भिंतीवर रंगाने नियम लिहून ठेवला आहे: पेटारा ढकलावा, ओढू नये. उतारावर दोघांनी वरच्या बाजूने धरून हळूहळू खाली सोडावा. खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. ही पाटी इतकी जुनी की रोज तिच्यासमोरून जाणाऱ्यांना ती भिंतच वाटायची.

सफाईत एक बाई होती, अजूनही आहे. तिला सगळे चिमणी म्हणतात, कारण ती अंगाने एवढीशी आहे. आवाज मात्र अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेल असा. तिचा नवरा बस चालवतो. तो म्हणतो, माझ्या गाडीचा हॉर्न बिघडला तर हिलाच शेजारी बसवीन. चिमणीची अडचण अशी होती की पेटारा ढकलताना झाकणाची कड तिच्या नाकापर्यंत यायची आणि पुढचं काहीच दिसायचं नाही. अंदाजाने ढकलायची. एकदा वळणावर एका म्हाताऱ्या रुग्णाला पेटाऱ्याचा धक्का लागता लागता राहिला. त्या दिवशी ती तडक वर्कशॉपात गेली.

"मिस्त्री, मला पुढून धरायला काहीतरी लावून द्या," ती म्हणाली. "मागून मला दिसत नाही. एक दिवस माझ्या हातून कुणीतरी चिरडलं जाईल."

भावाने मान तिरकी केली. पेटारा वर्कशॉपात आणवला, चिमणीला त्याच्या पुढे उभं केलं, हात सैल सोडायला सांगितला आणि तिची मूठ जिथे आली तिथे पत्र्यावर खडूने रेघ मारली. त्या रेघेवर त्याने नळीचा दांडा वाकवून जोडला आणि त्याला जुन्या व्हीलचेअरच्या चाकाचं रबर गुंडाळलं, हाताला टोचू नये म्हणून. दांडा देखणा झाला होता. मीसुद्धा बघायला गेले होते आणि मी सहसा कशाला चांगलं म्हणत नाही.

चिमणी खूश झाली. पुढून धरून चाललं की पेटारा वळवायला सोपा, समोरचं लख्ख दिसणार, खांद्यांना त्रास कमी. बाकीच्यांनी बघितलं आणि सगळ्यांना दांडा हवा झाला. भावाने एकेक करून सगळ्या पेटाऱ्यांना दांडे लावले. सगळे चिमणीच्याच मापाचे, कारण माप एकदाच घेतलं होतं. परवानगी त्याने घेतली नाही आणि ती घेतली का, असं त्याला कोणी विचारलंही नाही. उलट त्या वर्षीच्या कर्मचाऱ्यांच्या कार्यक्रमात व्यवस्थापकांनी त्याला पुढे बोलावून कौतुक केलं आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ते मी स्वयंपाकघरात लावलं. भाऊ जेवताना त्याच्याकडे बघायचा आणि बघत नसल्यासारखं करायचा.

मग तो दिवस आला. कोठारात पाण्याचा नळ फुटून खोक्यांचा ढीग भिजला होता. ओले खोके किती जड होतात हे उचलल्याशिवाय कळत नाही, आणि त्या दिवशी ते कोणी उचलून बघितलं नाही, नुसते पेटाऱ्यात कोंबले. पेटारा काठोकाठ भरला. पुढे दांडा धरून चिमणी, मागे तिचा जोडीदार. त्याला पैलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा आहे. उतार नुकताच धुतलेला होता. मध्यावर पैलवानचे पाय घसरले, त्याचे हात सुटले आणि पेटारा निघाला.

चिमणीने दांडा सोडून बाजूला उडी मारली असती तर तिला काही झालं नसतं. तिने सोडला नाही. हातात धरायला काहीतरी होतं, म्हणून तिने ते धरून ठेवलं. खाली गाडी उभी होती, गाडीशी माणसं होती, तिला पेटारा थांबवायचा होता. उताराच्या शेवटी सिमेंटची कड आहे. त्या कडेत आणि चाकात तिचा डावा पाय सापडला. मी माझ्या खोलीत शिवणाच्या मशीनवर होते. तिचा तो मोठा आवाज मी तेव्हा ऐकला. पुन्हा कधी ऐकायला मिळू नये.

घोट्याची हाडं मोडली होती. रुग्णालयातच असल्यामुळे लगेच शस्त्रक्रिया झाली, तेवढंच त्यातल्या त्यात बरं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पाय पूर्वीसारखा होणार नाही.

आणि मग लोकांनी काय केलं, तर पाटी वाचली. इतकी वर्षं जिच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं ती पाटी एका दिवसात सगळ्यांना तोंडपाठ झाली. खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. मग ही का राहिली? जे स्वतः रोज पुढे उभे राहायचे तेच हे विचारायला लागले. सगळ्यांत पुढे सफाईचे मुकादम. त्यांनी हात वर केले, म्हणाले, नियम भिंतीवर आहे, मी आणखी काय करणार. व्यवस्थापकांनी चौकशी ठेवली. चूक चिमणीची ठरली तर तिची नोकरी जाणार, हे उघड होतं. मोडक्या पायाच्या सफाईवालीला दुसरीकडे कोण घेणार होतं?

चिमणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझीच चूक. मी पुढे उभं राहायला नको होतं." दांड्याचा तिने उल्लेखही केला नाही. कोणीच केला नाही. दांडा सगळ्यांच्या इतका सवयीचा झाला होता की तो पेटाऱ्याबरोबरच जन्माला आलाय असंच जो तो समजत होता.

इकडे आमच्या घरातलं घड्याळ भिंतीवरून उतरलं. मी संध्याकाळी कामावरून आले तर भिंतीवर नुसता खिळा. घड्याळ कपाटात, टॉवेलांच्या खाली. मला वाटलं बंद पडलं असेल. काढून बघितलं तर चालू होतं. मी पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिळा. असं आमचं बरेच दिवस चाललं होतं आणि दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो. मी मुद्दामच विचारत नव्हते. बघू तरी कधी तोंड उघडतो, असा माझा हट्ट होता.

त्याने तोंड उघडलं नाही, हत्यारांची पिशवी उघडली. चिमणी घरी आली तसा तो तिच्या घरी जायला लागला. एकट्याने जायला अवघडायचा म्हणून मला बरोबर न्यायचा. तिचं घर एका छापखान्याच्या वर होतं, दोन खोल्या, खाली दिवसभर यंत्रांची धडधड. पहिल्या दिवशी त्याने खिडकीची बिजागरी बसवली. मग पडद्याची सळई. मग मोरीचा नळ, स्टुलाचा डुगडुगणारा पाय, दाराची कडी, इस्त्रीची वायर. चांगल्या चालणाऱ्या पंख्यालासुद्धा त्याने तेल दिलं आणि त्यानंतर तो पंखा आवाज करायला लागला, मग तो उतरवून दुरुस्त केला. चिमणी खाटेवर पाय उशीवर ठेवून हे सगळं बघायची. तिच्याकडे वर मान करून तो बघायचा नाही. ती बोलली की "हं" म्हणायचा आणि स्क्रू पिळायचा.

एक दिवस ती मला म्हणाली, "ताई, तुमच्या भावाला सांगा, आता पुरे. या घरात मोडकी म्हणून आता मी एकटीच उरले आहे."

ती हसत म्हणाली. भावाच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

त्या संध्याकाळी मी हट्ट सोडला. ताट वाढलं, समोर बसले आणि म्हटलं, "धाकट्या, आता बोल. नाहीतर उद्यापासून तुझं ताट तूच वाढून घे."

तो खिळ्याकडे बघत होता. म्हणाला, "ताई, ती पुढे उभी राहिली नव्हती. मी तिला उभं केलं."

"म्हणजे?"

"दांडा पुढे असेल तर माणूस कुठे उभा राहणार? पुढेच ना. पेटाऱ्याला पुढे दांडा नसतो तो करणाऱ्याला जमत नाही म्हणून नसतो असं नाही. तो मुद्दाम नसतो, तिथे कोणी जाऊ नये म्हणून. मी रेघ मारली तेव्हा तिचा हात कुठे येतो ते बघितलं. पाय कुठे येतात ते बघितलंच नाही."

आम्ही लहान असताना खोटं बोलून झाल्यावर त्याचा जसा चेहरा व्हायचा तसा आता झाला होता. मला दया यायला हवी होती. मला राग आला.

"मग हे मला कशाला सांगतोस? मी काय चौकशी करणारी आहे? जा आणि सांग ज्यांना सांगायचं त्यांना."

"मला काढून टाकतील ताई. न विचारता बदल केलाय मी. एका पेटाऱ्यात नाही, सगळ्यांत."

"कौतुक केलं ना त्यांनी? घड्याळ दिलं ना?"

"म्हणून तर ते जास्त चिडतील."

त्याचं म्हणणं खरं होतं. घर आमच्या दोघांच्या कमाईवर चालतं, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला, आणि आला याची मला लाज वाटली. मी ताट उचललं. तो जेवला नव्हता, मी आग्रह केला नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "चिमणीबाईंच्या मोरीला पायरी आहे. धरायला काही नाही. कठडा लावून देतो." मला कळलं की हा कठडा लावायला चाललेला नाही. मीही पिशवी घेतली आणि निघाले.

चिमणी आता कुबड्यांवर उभी राहायला लागली होती. भावाने तिला मोरीच्या पायरीशी यायला सांगितलं. ती आली, एक कुबडी मला दिली आणि हात सैल सोडला. त्याने खिशातून खडू काढला. भिंतीजवळ नेला. आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"काय झालं मिस्त्री?" चिमणी म्हणाली. "माप विसरलात? तेच आहे अजून. उंची काही वाढलेली नाही माझी."

तो तिथेच पायरीवर बसला, ओल्या फरशीवर. खाली छापखान्याची यंत्रं चालू होती, त्यामुळे त्याला मोठ्याने बोलावं लागलं, आणि मोठ्याने बोलायची त्याला सवय नाही. तुटक तुटक त्याने सगळं सांगितलं. दांडा, रेघ, हात, पाय. मी दारात कुबडी धरून उभी होते.

चिमणीने त्याला मध्ये थांबवलं नाही. त्याचं झाल्यावर म्हणाली, "मला माहीत आहे."

भावाने वर बघितलं.

"पडल्या पडल्या दुसरं काय काम होतं मला? छताकडे बघायचं आणि तेच तेच आठवायचं. दांडा नसता तर मी तिथे नसते, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" हे मी विचारलं.

"काय बोलू ताई? दांडा मीच मागितला होता. यांनी माझं ऐकलं. ऐकलं म्हणून यांची नोकरी घालवू? म्हटलं, माझा पाय गेला तो गेला, वर आणखी कुणाचं कशाला जायला पाहिजे." मग ती त्याच्याकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. "पण तुम्ही यायला हवं होतं मिस्त्री. पडद्याची सळई लावायला आलात. स्टूल दुरुस्त करायला आलात. चांगला पंखा बिघडवायलासुद्धा आलात. हे एक सांगायला तेवढे आला नाहीत. पायाचा मला राग नाही. याचा आहे."

तिने माझ्याकडून कुबडी घेतली आणि खाटेकडे गेली. खडू भावाच्या हातातच राहिला. भिंतीवर त्या दिवशी रेघ उठली नाही.

घरी परत येताना तो माझ्या पुढे चालत होता. एका कोपऱ्यावर थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "ती गप्प बसली ती माझ्यासाठी. आणि मीही गप्प बसलो तो माझ्यासाठीच." मी पाय उचलून त्याच्या बरोबरीने चालायला लागले.

चौकशी उताराशीच ठेवली होती. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी शिवायच्या चादरीसकट गेले. व्यवस्थापक होते, पैलवान होता, सफाईचे बरेच लोक होते, चिमणी खुर्चीवर बसली होती. व्यवस्थापकांनी सगळ्यांना पाटी वाचून दाखवली. मग मुकादमांना म्हणाले, रिकामा पेटारा आणा आणि ती नेमकी कुठे उभी होती ते दाखवा.

मुकादम आत गेले आणि पेटारा घेऊन आले. पैलवान मागे होता. मुकादम दांडा धरून पुढून चालत उतारावर आले, सरळ, सहज, रोजच्यासारखे, आणि उताराच्या मध्यावर येऊन बोलायला तोंड उघडणार तोच भाऊ म्हणाला, "थांबा."

त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. सगळ्यांनी वळून बघितलं.

"मुकादम, तुम्ही कुठे उभे आहात?"

मुकादमांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग हातातल्या दांड्याकडे. कोणी हसलं नाही. मुकादमांनी दांडा असा सोडला की जणू तो तापला होता. रिकामा पेटारा जरासा सरकला, पैलवानने तो मागून धरून ठेवला.

"यात मुकादमांची चूक नाही," भाऊ म्हणाला. "पाटी आत्ताच ऐकून ते पुढे उभे राहिले. दांडा पुढे आहे, हात तिकडे जाणारच, आणि हात गेला की पाय जाणार. तो दांडा मी लावलाय. न विचारता लावलाय. चिमणीबाई तिथे उभ्या होत्या त्या माझ्यामुळे. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

बोलून झाल्यावर त्याने हात पाठीमागे बांधले, शाळेत उभं करतात तसे.

नोकरी दोघांचीही राहिली. चिमणीवरचा ठपका निघाला. भावाला सगळ्यांसमोर ताकीद मिळाली आणि यापुढे परवानगीशिवाय एक खिळाही ठोकायचा नाही असा हुकूम झाला. व्यवस्थापक स्वतःही थोडे वरमले होते, कारण त्यांच्या हातून दिलेलं घड्याळ सगळ्यांनी बघितलेलं होतं.

मग भावाने एकेक दांडा कापून काढला. सफाईवाल्यांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. आता समोरचं दिसायचं कसं, खांदे आमचे दुखणार, याचे तर नाही ना दुखणार. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागच्या बाजूला दोन उंचींचे दांडे लावायची रीतसर परवानगी काढली, एक उंच माणसांसाठी, एक बुटक्यांसाठी. पेटाऱ्याच्या आत लाल रंगाची रेघ ओढली. ओलं सामान तिच्या वर भरायचं नाही. उतारावर खरखरीत पट्ट्या बसवल्या, वळणावर मोठा आरसा लावला. आता कोणताही पेटारा निघाला की आधी दोघं त्याला जरा हलवून बघतात, हलवायला जड वाटला तर तिसऱ्याला हाक मारतात किंवा अर्धा रिकामा करतात. आणि उताराच्या तोंडाशी चिमणी असते. तिला तिथे बसून देखरेख करायचं काम मिळालंय. कोणी चुकून पुढच्या बाजूला गेला की ती तिथून ओरडते, आणि तो आवाज ऐकून जागेवर थांबला नाही असा माणूस अजून या रुग्णालयात आलेला नाही.

ऐकायला हे सगळं छान वाटतं. लोक भावाला तसं म्हणतातही, की बघ, शेवटी चांगलंच झालं. तो "हं" म्हणतो. तेच सगळं आधी करता आलं असतं, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. घड्याळ अजून टॉवेलांखाली आहे. मी ते पुन्हा लावायच्या भानगडीत पडले नाही.

कठड्याचं राहिलं होतं. चौकशीनंतर चिमणीने निरोप पाठवला, मिस्त्रींना म्हणावं, अर्धवट काम टाकून जायची पद्धत नाही, येऊन कठडा लावून द्या. आम्ही गेलो. ती आता एका काठीवर चालत होती. मोरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली आणि मागच्यासारखाच हात सैल सोडला.

भावाने भिंतीकडे बघितलं नाही. तो खाली गुडघ्यांवर बसला. "रोज जशा उभ्या राहता तशाच राहा," म्हणाला. मग त्याने खडूने आधी तिच्या दोन्ही पावलांभोवती फरशीवर रेघ काढली. उजवं पाऊल सरळ होतं. डावं बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं, ते आता तसंच राहणार आहे. ते काढून झाल्यावर तो उठला, तिची मूठ कुठे येते ते बघितलं आणि भिंतीवर खूण केली. त्याचं होईपर्यंत चिमणी हलली नाही.

कठडा भक्कम बसला. तिने दोन्ही हातांनी हलवून बघितला आणि म्हणाली, "आता राग गेला असं नाही. पण चहा घेऊन जा."

ती चहा ठेवायला गेली. फरशीवर ते खडूचे दोन पाय तसेच होते. भावाने फडकं ओलं केलं आणि पुसायला बसला. उजवा पाय पुसला. डाव्याशी आला आणि त्याचा हात पुढे जाईना. तो नुसता फडकं धरून बसून राहिला. मग मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि पुसलं.